कर्करोगाची तपासणी आणि अपंग स्त्री : दोन नोंदवह्यांचा इतिहास

वसंतातल्या संध्याकाळी, दिवसाचे ऊन ओसरल्यावर, मोकळ्यावर बसून ऐकावा असा हा विषय नव्हे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. स्तनाच्या कर्करोगाचे नाव आपल्याकडे चारचौघांत काढीत नाहीत आणि घरातील अपंग स्त्रीला चारचौघांत आणीत नाहीत. या दोन संकोचांची गाठ जेथे पडते, तेथे काय घडते याचा विचार आम्हांस आज करावयाचा आहे. हा विचार वैद्यकाच्या अंगाने करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही तो इतिहासाच्या अंगाने करणार आहोत, कारण आमच्या मते या प्रश्नाचे मूळ औषधात नसून नोंदीत आहे. ज्याची नोंद राज्य ठेवते त्याच्याकडे राज्याचे लक्ष जाते. ज्याची नोंद नाही तो दाराआड राहतो. अपंगांची नोंद आणि कर्करोगाची नोंद अशा दोन निरनिराळ्या वह्या या देशात अनेक दशके चालत आल्या. त्या एकमेकींना फार उशिरा भेटल्या. त्यांच्या भेटीची ही हकीकत आहे.

पहिली वही शिरगणतीची. इंग्रजी अमलात १८७२ पासून आणि निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यात, १८८१ पासून माणसे मोजण्यास आरंभ झाला. त्या मोजणीत १९३१ पर्यंत व्यंगांचा एक रकाना असे. त्यात चार प्रकार धरीत : वेडे, जन्मतः मुकेबहिरे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे आणि महारोगी. पायाने अधू असलेल्या माणसास त्या रकान्यात जागाच नव्हती. ज्यांना जागा होती त्यांच्याविषयीही लोक खरे सांगत नाहीत, विशेषतः घरातील मुलीबाळींचे व्यंग लपवितात, अशी तक्रार शिरगणतीचे अधिकारी आपल्या अहवालांतून वारंवार करीत. ही लपवालपवी दुष्टपणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. मुलीचे व्यंग सांगितले की तिचेच नव्हे, तिच्या धाकट्या बहिणींचेही लग्न अडे. तेव्हा बापाने सांगितले नाही, मोजणाऱ्याने विचारले नाही आणि कागदावर काही उमटले नाही.

पुढे १९४१ मध्ये हा रकानाच गेला. स्वातंत्र्यानंतरच्या तीन जनगणना त्याच्यावाचून झाल्या. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या निमित्ताने तो पुन्हा आला, १९९१ मध्ये पुन्हा वगळला गेला आणि २००१ मध्ये पाच प्रकारांनिशी परत आला. २०११ मध्ये आठ प्रकार विचारले गेले. त्या वर्षी भारतात २ कोटी ६८ लक्ष अपंग माणसे मोजली गेली. त्यांपैकी १ कोटी १८ लक्ष स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातील अपंगांचा आकडा २९ लक्षांच्या वर होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांचा आकडा एवढा कमी का, याचे उत्तर जुन्या अधिकाऱ्यांच्या तक्रारीत काही अंशी सापडते. बाईचे व्यंग आजही मुलाच्या व्यंगाइतके मोकळेपणाने सांगितले जात नाही.

आता दुसरी वही. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पाठोपाठ पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. शिरगणतीतून अपंगांचा रकाना ज्या वर्षी गेला त्याच वर्षी कर्करोग्यांच्या नोंदीस घर मिळाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक आढळतो याचा शोध चालविला. १९६३ मध्ये मुंबई शहरासाठी कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदवही डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुढल्या दोन दशकांत पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथेही अशा वह्या उघडल्या.

आपल्या जिल्ह्याचे त्या काळचे स्थान काय होते? १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाचे प्रजाजन होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. रेल्वेचा एक रस्ता नांदेडवरून हैदराबादेस जाई, दुसरा मनमाडावरून मुंबईस. पैका असलेला रोगी यांपैकी एका गाडीत बसे. मुंबई तर पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. पैका नसलेला रोगी घरीच राही. आणि रोगी बाई असेल तर पैका असूनही बहुधा घरीच राही, कारण स्तनातील गाठ आरंभी दुखत नाही. जे दुखत नाही ते अंगावर काढावयाचे, हे आपल्या बायकांचे पिढीजात धोरण. गाठ फुटून जखम वाहू लागली म्हणजे मग वैद्य, मग डॉक्टर, मग गाडी. तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असे.

म्हणून कर्करोगाच्या इतिहासात शस्त्रक्रियेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व वेळेला आहे. गाठ लहान असता हाती लागली तर बाई वाचते, या एका गोष्टीभोवती तपासणीचे सारे शास्त्र उभे राहिले. बर्लिनचे शल्यवैद्य आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये कापून काढलेल्या स्तनांची क्षकिरणांनी छायाचित्रे घेऊन कर्करोगाची छाया ओळखता येते हे दाखविले. न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून सुमारे ६२ हजार स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. क्षकिरण आणि हाताने तपासणी अशा दोहोंनी मृत्यू कमी होतात असे तीत आढळले. इंग्लंडने १९८८ पासून ही यंत्रतपासणी सार्वत्रिक केली. तिलाच आपण मॅमोग्राफी म्हणतो.

या यंत्राची घडण मात्र एक गोष्ट गृहीत धरून झाली आहे. बाई त्याच्यापुढे उभी राहील, हात वर करील, खांदा पुढे आणील, दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबून धरला असता श्वास रोखून स्थिर राहील आणि तंत्रज्ञाने सांगितलेले ऐकेल. चाकाच्या खुर्चीतील बाई उभी राहू शकत नाही. हात आखडलेली बाई हात वर करू शकत नाही. कंपवाताची बाई स्थिर राहू शकत नाही, बहिऱ्या बाईस सूचना ऐकू येत नाही आणि मतिमंद बाईस हे सारे कशासाठी चालले आहे याचा बोध होत नाही. ज्या देशांत यंत्रे गल्लोगल्ली आहेत त्या इंग्लंड-अमेरिकेतही अपंग स्त्रियांच्या तपासणीचे प्रमाण इतर स्त्रियांहून कमी आढळले आहे. तेव्हा यंत्र आणले की प्रश्न सुटला, अशी समजूत परभणीने करून घेऊ नये.

यंत्राला पर्याय काय, याचा शोध आपल्या मुंबईतच झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. १९९८ मध्ये टाटा स्मारकाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या १ लक्ष ५१ हजार ५३८ स्त्रियांची एक चाचणी आरंभिली. वस्त्यांचे वीस गट पाडले. निम्म्या गटांत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामी तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार वेळा स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. उरलेल्या निम्म्या गटांतील स्त्रियांना कर्करोगाची माहिती तेवढी दिली. एका गटास तपासणी आणि दुसऱ्यास नुसती माहिती, हे न्याय्य आहे काय, यावरून पुढे वादही झाला. तो वाद गैरलागू नव्हता. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात रोग अलीकडच्या पायरीवर सापडला. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पोहोचलेल्या स्त्रिया शंभरात ३७, तर दुसऱ्या गटात ४७ होत्या. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्या कामासाठी लक्षावधी रुपयांचे यंत्र लागते असे जग समजत होते, त्यातील मोठा भाग एका शिकविलेल्या बाईचा हात करू शकतो, हे या चाचणीने सिद्ध केले. आणि हाताचा एक गुण यंत्रात नाही. हात पायऱ्या चढून घरात येऊ शकतो, आणि अंथरुणावरील बाई निजलेली असतानाही तिला तपासू शकतो.

घरात येण्याची ही रीत मुंबईच्याही आधी आपल्या शेजारी रुजली होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय चालविले. तेथे १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदवही उघडली. शहरातील नोंदवही दवाखान्यात बसून लिहिता येते, कारण रोगी तेथे येतो. खेड्यातला रोगी येतच नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. ते लोकांस भेटत, रोगाची लक्षणे समजावून सांगत, संशयित माणसास तपासणीस घेऊन येत आणि मग नोंद करीत. नोंद करावयास गेलेला माणूसच रोग्याला दवाखान्याची वाट दाखवू लागला. या वहीत बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहून कमी भरते. म्हणजे खेड्यात हा रोग कमी आहे, पण जिला होतो तिची वाट अधिक बिकट आहे. पुढे २००० पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच, १ लक्ष ३१ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी चाचणी झाली. तिचे २००९ मधील निष्कर्ष जगभर मानले गेले. मराठवाड्याची खेडवळ बाई तपासणीस तयार होत नाही, हा समज त्या दिवशी निकालात निघाला. तिला नीट सांगितले, तिच्या गावात सोय केली आणि पुढची वाट मोकळी ठेवली तर ती येते.

पुढची वाट मोकळी नसेल तर काय होते, हे फिलिपाइन्सच्या मनिला शहराने दाखविले आहे. तेथेही १९९५ पासून मुंबईसारखीच हाताने तपासणीची मोठी चाचणी मांडली होती. सेविकांनी घरोघर जाऊन गाठी शोधल्या. पण ज्यांना गाठ सापडली त्यांच्यापैकी तिघींत जेमतेम एकीनेच पुढची तपासणी पुरी केली. कित्येकींनी स्पष्ट नकार दिला, आणि चाचणी गुंडाळावी लागली. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. मग जिला घरातून बाहेर पडण्यास दोन माणसांचा आधार लागतो, तिच्याविषयी काय सांगावे?

येथवर आम्ही दोन वह्यांचा इतिहास निरनिराळा सांगितला, कारण तो निरनिराळाच घडला. जनगणनेत अपंगांचे वय आहे, शिक्षण आहे, रोजगार आहे. त्यांच्या रोगाविषयी शब्द नाही. मुंबईच्या चाचणीच्या प्रसिद्ध निष्कर्षांत वय आहे, रोगाची पायरी आहे. त्या दीड लक्ष स्त्रियांत आंधळ्या किती, पांगळ्या किती आणि त्यांच्यापर्यंत हात पोहोचला का, याचा रकाना नाही. हा दोष कोणा एकाचा नव्हे. अपंग बाईला कोणता आजार आहे असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘ती पांगळी आहे.’ तिचे व्यंग हाच तिचा आजार, असे घर समजते, शेजार समजतो आणि कधी कधी डॉक्टरही समजतो. तिला दुसरा आजार होऊ शकतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

वस्तुतः हीच वेळ ध्यानी येण्याची आहे. पोलिओचा शेवटचा रोगी भारतात २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण लस सर्वदूर पोचण्यापूर्वी, म्हणजे १९६० ते १९९० या काळात, ज्या मुलींचे पाय गेले त्या कोठे गेल्या? त्या आज तुमच्या-आमच्या घरांतील पस्तिशी ते पासष्टीच्या बाया आहेत, कोणाची आत्या, कोणाची मोठी बहीण, कोणाची मावशी. तपासणीचे शास्त्र ज्या वयाकडे बोट दाखविते नेमक्या त्या वयात ही पिढी आज उभी आहे. किंवा, खरे बोलायचे तर, बसून आहे.

या दोन वह्या एकत्र येण्याचे श्रेय प्रथम कायद्याचे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे धरली होती. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि त्यात प्रकार एकवीस झाले. त्याच्या २५ व्या कलमाने सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांच्या प्रत्येक भागात अडथळ्यावाचून प्रवेश आणि तपासणी-उपचारांत अग्रक्रम ही बंधने घातली. योगायोग असा की त्याच २०१६ साली केंद्र सरकारने तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कर्करोगांची तिशीवरील लोकांची गावपातळीवरील तपासणी आखून दिली. स्तनासाठी त्यात यंत्र नाही. पाच वर्षांतून एकदा शिकविलेल्या हाताने तपासणी आहे. मुंबईच्या झोपडपट्टीतील रीत अशी देशाची रीत झाली.

या योजनेत आशा ताईंच्या हाती एक छापील तक्ता असतो. घरोघर जाऊन तिशीवरील प्रत्येक माणसासाठी तो भरावयाचा. त्या तक्त्यात नाव-गावानंतर विचारलेले असते : या व्यक्तीस काही दिसणारे व्यंग, माहीत असलेले अपंगत्व आहे काय? ती अंथरुणास खिळलेली आहे काय? आणि त्याच तक्त्यात पुढे स्त्रियांना विचारलेले असते : स्तनात गाठ आहे काय, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो काय, आकारात बदल झाला आहे काय? ज्या दोन वह्या अनेक दशके एकमेकींस भेटल्या नाहीत त्यांची भेट या एका साध्या कागदावर झाली. इतिहासात काही घटना रणांगणावर घडतात, काही दरबारात. ही एका तक्त्यावर घडली, म्हणून ती लहान नव्हे.

पण कागदावरची भेट म्हणजे दारातली भेट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कर्करोगासाठी स्तन कधी तपासून घेतल्याचे सांगणाऱ्या तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रिया देशभर शंभरात एकही भरली नाही. धडधाकट स्त्रियांची ही गत, तर अपंग स्त्रीचे काय, हे सांगण्यास आकड्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके डोळ्यांपुढे आणा. जिंतूरकडील डोंगराकाठची वाडी घ्या किंवा गंगाखेडकडील गोदाकाठचे गाव घ्या. आशा ताई दारात येतात. सासूबाई ओसरीवर बसून सर्वांची नावे सांगतात : मुलगा, सून, नातवंडे. आतल्या खोलीत असलेल्या नणंदेचे नाव त्या सांगतात काय? सांगितले तर ‘तिला काय होणार, ती घरातच असते’ असे म्हणून पुढे जातात काय? ती बहिरी असेल तर गाठीविषयीचा प्रश्न तिला खुणांनी कोण विचारणार, आणि तिच्या भावाच्या देखत ती काय उत्तर देणार? उत्तर ‘होय’ असे आले तर तिला उपकेंद्रात आणि तेथून पुढे परभणीस कोण नेणार? औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परभणीस २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वाट पूर्वीपेक्षा पुष्कळ आखूड झाली आहे. परंतु पांगळ्या बाईच्या वाटेची मोजणी किलोमीटरांत होत नाही. ती घरातून रस्त्यापर्यंतच्या पायऱ्यांत आणि एस.टी.च्या उंच पावठणीत होते.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण कौतुकाने म्हणतो. तेव्हा जर्मनीचीच एक हकीकत सांगून आम्ही या विषयाचा शेवट जवळ आणतो. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रांक हॉफमन यांना या शतकाच्या आरंभी एक विचार सुचला. गाठ हाताला लागावयाची असेल, तर ज्यांचे बोट सर्वांत तरबेज त्यांच्याकडून तपासणी का करवू नये? ब्रेल वाचणाऱ्या अंध स्त्रियांची बोटे कागदावरील ठिपका ओळखतात. त्यांना शिकवून त्यांनी स्तनतपासणीस तयार केले. स्तनावर ब्रेल खुणांच्या पट्ट्या लावून, तसू न् तसू चाचपीत, त्या अर्ध्या तासाहून अधिक वेळ एकेका स्त्रीची तपासणी करतात. गाठ लागली तर तिची जागा नेमकी सांगतात आणि पुढचे निदान डॉक्टर करतात. २०१७ पासून दिल्लीस राष्ट्रीय अंध संघाच्या अंध महिलांसाठीच्या केंद्रात असे शिक्षण सुरू झाले, आणि शिकून निघालेल्या स्त्रिया रुग्णालयांत काम करू लागल्या. शिरगणतीच्या रकान्यात जिला ‘आंधळी’ म्हणून एका आकड्यात मोजले होते, तीच आता दुसरीचा जीव वाचविणारी नोंद करीत आहे. जर्मनीशी परभणीची तुलना करावयाची हौस असेल, तर ती येथे करून दाखवावी.

आमचे सांगणे थोडक्यात असे. या इतिहासात औषधाची उणीव शेवटी शेवटी फारशी राहिली नाही. यंत्राची उणीव तर हातानेच बरीचशी भरून काढली. उणीव राहिली ती विचारण्याची. कायदा झाला, तक्ता छापला, सेविका दारापर्यंत आली. दारापासून आतल्या खोलीपर्यंतचे दहा पावलांचे अंतर मात्र सरकार चालून जाऊ शकत नाही. ते घरच्या माणसानेच चालावयाचे आहे. तेव्हा या सभेतून घरी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. आशा ताई पुढच्या वेळी येतील तेव्हा घरातील अपंग बाईचे नाव सर्वांआधी सांगावे. आणि त्यापूर्वी, घरातील एखाद्या जाणत्या स्त्रीने तिच्याजवळ बसून, दार लोटून घेऊन, तिला समजेल अशा रीतीने एवढेच विचारावे, ‘बाई, तुला कोठे गाठ तर लागत नाही ना?’ हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसेल, आणि तिला सांगावयाचे काहीतरी असेल.